पाच रुपयांच्या तिकिटात क्रिकेटचं कार्ड

४० रुपयांचं कार्ड आणि ते पाठवायला ५५ रुपये, हे गणित कुणाला पटणार सांगा. माझ्याकडे टॉप्स कंपनीच्या क्रिकेट अटॅक्सची, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेली नि पोरं जमवतात ती आयपीएलवाली कार्डं ढिगाने पडलीयेत, त्यातली निम्मी डबल, आणि भाच्याची पोकेमॉनची वेगळीच. तो आता बारावीत गेला नि म्हणाला मामा तूच बघ त्यांचं काय करायचं ते. म्हणून विकायला आणि अदलाबदल करायला लागलो. मागणारे मिळतात हो, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव, कुठून कुठून मेसेज येतात, पण पोस्टेजचा आकडा सांगितला की समोरचा गप्प होतो तो होतोच.

स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बाहेरगावचं झालं ५५ रुपये ४६ पैसे. हेच आधी ४१ रुपये ३० पैशात जायचं. पूर्वी मधला रस्ता म्हणून रजिस्टर पोस्ट तरी होतं, ते पण २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केलं. म्हणजे आता खाली साधं पत्र, मी सुरू केलं तेव्हा २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये आणि पुढच्या दर २० ग्रॅमला अजून ५, आणि त्याच्यावर एकदम स्पीड पोस्ट, मधे काहीच नाही. कुरियरवाल्यांकडे पण जाऊन आलो, ते साठ-सत्तरच्या खाली बोलायलाच तयार नाहीत. स्वस्तातल्या कार्डाला साधं पत्र सोडून पर्याय नव्हता. प्रश्न एवढाच की कार्ड पोचेल तेव्हा त्याचे कोपरे कोपरे राहतील का.

अमेरिकेतली मंडळी हे वर्षानुवर्षं करतात. त्यांची पद्धत अशी, कार्ड आधी पेनी स्लीव्ह नावाच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडर नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या खोळीत, वरून चिकटपट्टीची बारीक पट्टी, मग एका पिशवीत आणि मग साध्या पांढऱ्या पाकिटात. तिकडे तर ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने २०२१ पासून २० डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी ट्रॅकिंगवालं स्वस्त पाकीटच काढलंय. आपल्याकडे साध्या पत्राला ट्रॅकिंग नाही, भरपाई नाही, एकदा लाल पेटीत टाकलं की तुम्ही आणि देव. हे मी घेणाऱ्याला आधीच सांगतो, नंतर वाद नको.

मी पण टॉपलोडर मागवले. चांगली वस्तू आहे, त्याबद्दल शंका नाही. ते घेऊन आमच्या भागातल्या पोस्टात गेलो, वजन बघायला. काउंटरवरच्या मॅडमनी पाकीट चिमटीत धरलं, दाबून बघितलं.

"आत काय आहे?"

"कार्डं आहेत मॅडम."

"कसली? पत्ते का?"

"नाही हो, क्रिकेटची. पोरं जमवतात ना, ती."

मागे लाइनीत एक आजोबा होते ते लगेच म्हणाले, अजून मिळतात का ही. मॅडम हसल्या पण मग जे बोलल्या ते मला कुठल्याच अमेरिकन व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं. म्हणाल्या, "हे कडक आहे आणि बरोबर तिकिटाच्या खाली आलंय. तिकिटावर ठप्पा पडतो तो हाताने पडतो, दणकून. आत जे असेल त्याच्यावर पण पडतो. ते डावीकडे सरकवा."

हे एकदम डोक्यात बसलं. आपण तिकीट लावतो उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि शिक्का मारणारा माणूस लोखंडी ठप्पा शाईत बुडवून त्या कोपऱ्यावर आपटतो, पत्रांचा ढीग असतो समोर, तो काय प्रत्येक पाकीट चाचपून बघणार थोडीच. टॉपलोडरवर बसला तर प्लॅस्टिक तडकेल, नुसत्या स्लीव्हवर बसला तर चमकी कार्डावर गोल वळ उठेल. अमेरिकेत पाकिटं मशिनीच्या रोलरमधून जातात म्हणून त्यांना काळजी वाकण्याची, आणि कडक पाकिटाला तिथलं पोस्ट जास्तीचे पैसे पण लावतं. आपल्याकडे मोठ्या शहरांत मशिनीने सॉर्टिंग होतं पण पत्राचा बराचसा प्रवास हातांतूनच होतो, तेव्हा पॅकिंग त्या हातांचा विचार करूनच करायला पाहिजे. मला जे कळलं ते एवढंच, बाकी सगळी कारागिरी.

आमचे पोस्टमन काका दुपारी सोसायटीत येतात तेव्हा त्यांना गाठलं. चहा पाजला आणि विचारलं की काका पत्र पेटीतून निघून दारात येईपर्यंत काय काय होतं त्याचं. ते म्हणाले पेटीतनं पोतडीत, पोतडीतनं ऑफिसात, शिक्का, मग सॉर्टिंग, गावागावाचे गठ्ठे, गठ्ठ्याला सुतळी, ते बॅगेत, बॅग गाडीत, तिकडे पोचल्यावर परत उलटं सगळं, आणि शेवटी बीटप्रमाणे, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाटपाच्या भागाप्रमाणे लावून रबर लावून आमच्या पिशवीत. आणि मग गाडीवर. "सुतळी जिथं आवळतात ना, तिथं बारकं पाकीट मोठ्या पाकिटाच्या कडेला वाकतं," हे त्यांचं शब्दशः वाक्य. आणि शेवटचा टप्पा म्हणजे घरी कुणी नसलं की गेटच्या जाळीत खोचायचं, पेटी असेल तर पेटीत, आणि पेटीचं तोंड बारीक असेल तर पाकीट जरा दुमडून. सध्या नाशकात कुंभमेळ्याच्या कामांनी निम्मे रस्ते खोदलेत, त्यात ते बिचारे पत्र घेऊन येतात हेच खूप.

म्हणजे तीन गोष्टी सांभाळायच्या, ठप्पा, सुतळी आणि दुमड. पाणी चौथी, पण ते पावसाळ्यात.

टॉपलोडरने सुतळी आणि दुमड सांभाळली जाते पण त्याचे कोपरे टोकदार, पाकीट पातळ, आणि आत ते इकडून तिकडे सरकत राहतं. मी ट्रायल म्हणून फालतू कार्डं भरून नागपूरला मावसभावाला आणि पुण्याला ताईला पाठवली, त्यांना सांगितलं की आलं की पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, मगच उघडा. ताईने फोटो टाकला त्यात पाकिटाच्या खालच्या कडेला टॉपलोडरचा कोपरा बाहेर डोकावत होता. कार्ड सुखरूप. पण अजून थोडा लांबचा प्रवास असता तर पाकीट आलं असतं आणि कार्ड वाटेत कुठेतरी उतरलं असतं. शिवाय टॉपलोडर एकेक विकत घ्यावा लागतो, ४० च्या कार्डामागे त्याचा खर्च धरला तर परत तेच, परवडत नाही.

उत्तर निघालं शर्टाच्या घडीत. नवीन शर्टाच्या आत जो पातळ पुठ्ठा असतो ना, एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने राखाडी, तो. मेनरोडला ओळखीच्या कापडवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे हे पुठ्ठे रोज निघतात, गिऱ्हाईक शर्ट घालून बघतं, परत घडी घालताना निम्म्या वेळा पुठ्ठा बाहेरच राहतो. शेठ म्हणाला, "ने की, तेवढीच दुकानात जागा होईल, पण करणार काय याचं?" सांगितल्यावर त्याने अजून एक गठ्ठा काढून दिला, म्हणाला माझ्या पोराकडे पण डब्लूडब्लूईची कार्डं आहेत, विकशील का. आता ते पण काम गळ्यात.

तर कृती. कार्ड असतं ६३ बाय ८८ मिलिमीटर, सगळीच जवळपास या मापाची. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापायचे, साधारण १० बाय १३ सेंटिमीटर, म्हणजे कार्डाच्या चारी बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर पुठ्ठा बाहेर आला पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे कारण सुतळीचा किंवा दुसऱ्या पाकिटाचा दाब आधी पुठ्ठ्याच्या कडेवर येतो, कार्डाचे कोपरे आत सुरक्षित. पुठ्ठ्याचे कोपरे कात्रीने जरा गोल करायचे, म्हणजे पाकीट फाटत नाही. आणि एक बारकी गोष्ट, पुठ्ठ्यालाही धागा असतो, एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो, तर दोन तुकडे असे ठेवायचे की एकाचा धागा उभा नि दुसऱ्याचा आडवा, मग तो जोड कुठूनच वाकत नाही. प्लायवूड असंच बनवतात, सातपूरच्या ज्या कंपनीत मी आहे तिथल्या पॅकिंगवाल्यानेच हे सांगितलं.

कार्ड स्लीव्हमध्ये घालायचं, स्लीव्हचं तोंड बंद करायला मास्किंग टेप, रंगवाल्यांच्या दुकानात मिळतो तो कागदी. सेलोटेप अजिबात नको. सेलोटेप उन्हात सुटतो, त्याचा डिंक पाझरून आत जातो, आणि घेणारा तो ओढायला गेला की कार्डाची कड पण बरोबर येते. मास्किंग टेपचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे समोरच्याला नखाने कोरत बसावं लागत नाही. मग स्लीव्ह पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवून त्याच टेपच्या दोन पट्ट्यांनी पुठ्ठ्याला अडकवायची, टेप स्लीव्हवर, कार्डावर कधीच नाही. वरून दुसरा पुठ्ठा, कडांना टेप. हलवून बघायचं, आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडायचं.

स्लीव्हवरून आठवलं, ऑफिसच्या आयकार्डासाठी मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे पाऊच वापरू नका. ते पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट मिसळलेलं असतं ते हळूहळू सुटतं नि छपाईला चिकटतं. तिकिटं आणि नाणी जमवणारी जुनी माणसं या पाऊचच्या नावाने बोटं मोडतात ते उगीच नाही. पेनी स्लीव्हचं शंभराचं पाकीट ऑनलाइन मिळतं, कार्डामागे खर्च नगण्य.

आता वजन. घरातल्या किचनच्या काट्यावर मोजलं. बायकोने काटा धुवून परत द्यायच्या अटीवर दिला. कार्ड जेमतेम दोन ग्रॅम, स्लीव्ह काट्यावर दिसतच नाही, पुठ्ठ्याचे दोन तुकडे मिळून आठ, पाकीट चार-पाच. टेप धरून पंधरा. पाकीट लांबट ९ बाय ४ इंची घेतलं तर हा जोड आत सरकतो, म्हणून अर्ध्या ए-फोर कागदावर चिठ्ठी लिहून तो कागद पुठ्ठ्याभोवती गुंडाळतो, त्याचे अडीच ग्रॅम. झाले साडेसतरा. २० च्या आत बसतंय, पण फार ऐटीत राहायला जागा नाही. दोन कार्डं पाठवायची तर एकावर एक ठेवत नाही, शेजारी शेजारी ठेवतो, पुठ्ठा लांब लागतो, वजन २० च्या वर जातं, तिथे मुकाट्याने १० ची तिकिटं लावायची. तिकीट कमी पडलं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात, जुनी माणसं नॉटपेड पत्र म्हणायची ते हेच. ५ रुपये वाचवायला गेलो आणि गिऱ्हाइकाला दारात १० भरायला लावले तर तो परत तोंड दाखवेल का.

पाकीट कुठलं हा पण विषय आहे. घरात लग्नपत्रिकांची शिल्लक पाकिटं होती, जाडजूड, सोनेरी गणपतीवाली, मला वाटलं वापरून टाकू. पोस्टमन काका म्हणाले ते करू नका, ते आहेराचं वाटतं, सगळे चाचपून बघतात. बरोबरच आहे. शिवाय त्या गुळगुळीत कागदावर तिकीट धड चिकटत नाही. तेव्हा पाकीट असं पाहिजे की बघणाऱ्याला एलआयसीची नोटीस वाटावी. रविवार कारंजावर होलसेलमध्ये साधी पांढरी नाहीतर खाकी मिळतात, ती घेतो. त्यावर "आत फोटो आहेत, दुमडू नये" एवढं लिहितो, महाराष्ट्राबाहेर जाणारं असेल तर हिंदीत. कार्ड हा शब्द लिहीत नाही.

पत्ता पाकीट रिकामं असतानाच लिहायचा. भरल्यावर बॉलपेनने लिहिलं तर पेनाचा दाब आत जातो, चमकी कार्डावर उजेडात धरलं की समोरच्याचं आडनाव वाचता येतं. आणि बॉलपेनच, जेल नको, जेलपेनचा पत्ता एका सरीत वाहून जातो.

पिनकोडशिवाय पत्ता मी घेतच नाही. एकाने नुसतं "पिंपळगाव" लिहून पाठवलं होतं. अरे बाबा कुठलं? आमच्या जिल्ह्यात बसवंत, जळगावकडे हरेश्वर, आणि नुसती पिंपळगावं तर मोजायलाच नकोत. असा घोळ होतो म्हणूनच तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. पहिले तीन आकडे बघून पत्र कुठल्या जिल्ह्याच्या गठ्ठ्यात टाकायचं ते ठरतं, तेव्हा शहराचं नाव चुकलं तरी एक वेळ चालेल, आकडा चुकायला नको. एक पाकीट माझं पोचलंच नाही, नंतर बघितलं तर घेणाऱ्याने सोसायटीचं नाव दिलेलं पण विंग आणि फ्लॅट नंबर गायब. अर्धे पैसे त्याचे अर्धे माझे असं मिटवलं. तेव्हापासून पत्ता लिहिलेल्या पाकिटाचा फोटो आधी त्याला पाठवतो, त्याने हो म्हटलं की मगच पेटीत.

तिकिटं मी छापील पाकिटावरची वापरत नाही, सुटी घेऊन लावतो, काउंटरवरच्या डिंकाच्या बाटलीने बोटं चिकट झाली तरी चालतील. त्यात नाशिककराचा जरा माज पण आहे. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२५-२६ पासून देशाची तिकिटं छापतात, त्याआधी ती लंडनहून छापून यायची, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, झेंडा नि जय हिंदवालं, साडेतीन आण्याचं, ते पण इथलंच. माझे मामा प्रेसमध्ये होते, ते म्हणायचे नाशिकरोडच्या माणसाने पत्र लिहायचा आळस करू नये. मी पत्र लिहीत नाही, कार्डं पाठवतो, मामांना चाललं असतं बहुतेक.

आणि ठप्प्याचं काय, तर पुठ्ठ्याचा जोड पाकिटाच्या डाव्या टोकाला ढकलायचा, उजवीकडे तिकिटाखाली नुसता कागद राहील असा. चिठ्ठीचा उरलेला भाग दुमडून उजवीकडे अडकवला की तो परत सरकत नाही. हे केल्यापासून एकाही कार्डावर गोल वळ आल्याचा फोटो कुणी टाकलेला नाही.

पावसाळ्यात स्लीव्हवरून एक चिकटपट्टीवाली पारदर्शक पिशवी घालतो, ड्रायफ्रूटवाले वापरतात तशी, आणि पाकिटाच्या फ्लॅपवर आडवा टेप. तरी जुलैत मी जरा हात आखडताच घेतो, महागातलं काही असेल तर म्हणतो गणपतीनंतर पाठवतो.

किती किमतीपर्यंत साधं पाकीट? मी १५० ला रेघ मारलीये. त्याखालचं कार्ड हरवलं तर हळहळ वाटेल पण झोप जाणार नाही. त्यावरचं असेल तर सरळ स्पीड पोस्ट, पुठ्ठ्याचा जोड तसाच, फक्त आत टॉपलोडर पण. अजून ५ रुपये भरले की रजिस्ट्रेशन होतं, म्हणजे ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात, वर त्यावरचा जीएसटी. सहीवालं, जर्सीचा तुकडा असलेलं जाड कार्ड, किंवा ग्रेडिंग करून, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून, प्लॅस्टिकच्या डबीत बंद झालेलं, हे पाकिटात घालायचा विचारपण करू नये. त्याला खोका.

काही जण मला म्हणतात एवढी खटपट ४० रुपयांसाठी? अहो पण ते ४० चं कार्ड एखाद्याच्या सेटमधलं शेवटचं असतं. तो पोरगा कोल्हापुरात बसून दोन वर्षं तेवढंच एक शोधत असतो, आणि माझ्याकडे त्याच्या चार प्रती रबर लावून पडलेल्या असतात.

सध्या बेळगावच्या एका काकांशी व्यवहार चाललाय, त्यांना नातवासाठी चेन्नईची कार्डं हवीयेत आणि पैशाऐवजी ते जुनी वापरलेली तिकिटं देतो म्हणतायत. चालेल म्हटलं. ती पण साध्या पाकिटातूनच येणारेत, तेव्हा त्यांना पुठ्ठ्याचं माप पाठवून दिलंय आणि सेलोटेप लावू नका म्हणून दोनदा सांगितलंय.